दंडाची शिवण कुठून घ्यायची?

ब्लाउज दंडात सैल व्हायला लागला की शिंपी तो उलटा करतो, काखेपासून बाहीच्या काठापर्यंत जाणारी शिवण उसवतो, दंडघेर अर्धा-पाऊण इंच कमी करतो आणि तिथूनच पुन्हा टीप मारतो. बाहीच्या वरच्या अंगाला, चारचौघांना दिसेल अशी चुणी घालून घेर आवळणारा शिंपी मी तरी पाहिला नाही. आडव्या टिपेचा तर प्रश्नच येत नाही. तिनं घेर तसाच राहतो, बाही तेवढी आखूड होते.

लोंबणाऱ्या दंडाची शस्त्रक्रिया, म्हणजे ब्रेकिओप्लास्टी, याच भूमितीत अडकलेली आहे. कातडी जास्तीची झालेली असते ती घेरात. त्यामुळे छेद दंडाच्या लांबीनंच घ्यावा लागतो आणि मागे राहणारा व्रण काखेपासून कोपराच्या आसपासपर्यंत, चांगला वीतभर असतो. कापडाची शिवण उलट्या बाजूला दडते. कातडीला ती सोय नाही. १९३० मध्ये शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं, १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या कोरेआ-इतुरास्पे आणि फर्नांदेझ यांनी आपली पद्धत मांडली, १९७५ मध्ये ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी दंडाबरोबर छातीच्या कडेचाही विचार केला. तेव्हापासून सर्जन मंडळी ही रेघ कधी पुढे सरकवतात, कधी मागे नेतात, कधी नागमोडी करतात. रेघच नको, असं मात्र कोणालाच जमलेलं नाही.

व्यायामानं हे जाणार नाही का, असं हटकून विचारलं जातं. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स स्नायू व्यायामानं भरतो, पण त्याच्यावरची कातडी आवळत नाही. बॅरिअ‍ॅट्रिक (म्हणजे वजन उतरवण्यासाठी केलेल्या) शस्त्रक्रियेनंतर किंवा एरवीही चाळीस-पन्नास किलो वजन उतरलेल्या माणसाच्या कातडीतले ताणले जाणारे तंतू वर्षानुवर्षं ताणून निकामी झालेले असतात. धुऊन धुऊन इलॅस्टिक गेलेल्या परकरासारखी तिची गत असते. त्यात वयानुसार आणखी एक गोष्ट घडते. कातडीखालच्या चरबीत एक चिवट पडदा असतो आणि तो काखेतल्या मजबूत आवरणांना झोळीसारखा टांगलेला असतो. अमेरिकेचे प्लास्टिक सर्जन टेड लॉकवूड यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं, की ही झोळी सैल पडली की दंड खालून लोंबतो. नुसती कातडी ओढून शिवली तर सगळा भार टाक्यांवर येतो, व्रण रुंदावतो आणि हळूहळू खाली घसरतो. म्हणून हा पडदा आधी काखेत पक्का टाचायचा आणि कातडीचे टाके जमेल तितके बिनताणाचे ठेवायचे, असं त्यांचं म्हणणं. जड पिशवीचे बंद नुसत्या कापडाला न शिवता आतल्या अस्तरासकट शिवतात, तसंच हे.

ताणाचा मुद्दा इतका महत्त्वाचा का, हे कळायला थोडं मागे जायला हवं. लाकडाला रेषा असते तशी कातडीलाही असते. १८३४ मध्ये पॅरिसचे शल्यवैद्य द्युप्युत्राँ यांच्या पाहण्यात एक आत्महत्येचं प्रकरण आलं. त्या माणसानं गोल टोकाच्या आरीनं स्वतःला भोसकून घेतलं होतं, पण जखमा गोल नव्हत्या, फटीसारख्या लांबट होत्या. व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लांगर यांनी पुढे मृतदेहांवर जागोजागी गोल टोच्यानं भोकं पाडली, ती कुठे कोणत्या दिशेनं लांबट होतात ते टिपलं आणि १८६१ मध्ये अख्ख्या शरीराचा नकाशा छापला. जिवंत माणसाच्या सुरकुत्या या नकाशाशी जागोजागी जुळत नाहीत, असं नंतर दिसून आलं. आज ढोबळ नियम असा मानतात, की कातडीच्या नैसर्गिक घड्या खालच्या स्नायूच्या ओढीला काटकोनात पडतात. कपाळाचा स्नायू उभा ओढतो, आठ्या आडव्या पडतात. घडीच्या दिशेनं घेतलेला छेद बारीक रेघ होऊन मिटतो, आडवा घेतलेला सतत ओढला जातो आणि रुंद होतो.

दंडाचे स्नायू लांबीनं ओढतात, म्हणजे सोयीच्या घड्या आडव्या, बांगडीसारख्या. आणि आपल्याला छेद घ्यायचाय उभा! प्लास्टिक सर्जरीची पहिली शिकवण इथे नाइलाजानं मोडावी लागते. ब्रेकिओप्लास्टीनंतर व्रण रुंद झाला, उंचावला ही तक्रार नेहमी ऐकू येते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. त्यात दंडाच्या आतली कातडी पातळ, आणि हात दिवसभर हलता.

स्वतःचा डावा दंड बघा. बीसीजीची खूण खांद्याच्या जरा खाली असेल. पन्नाशीपुढच्यांना शेजारी देवी काढल्याचे खोलगट वणही सापडतील. काहींची बीसीजीची खूण फुगून, चकाकून शेंगदाण्याएवढी झालेली असते. सुई एवढीशी आणि खूण केवढी! खांदा, छातीचं मधलं हाड आणि कानाची पाळी या व्रण फुगण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. त्यात आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत केलॉइडचं, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून पसरणाऱ्या व्रणाचं, प्रमाण गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. तेव्हा शिवण दंडाच्या बाहेरच्या अंगाला आणायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. उरतात दोन जागा, आतली आणि मागची. वाद आहे तो इथे.

आतली जागा तुम्हाला चाचपता येईल. हात खांद्याच्या उंचीला आडवा धरा, कोपर वाकवा आणि दुसऱ्या हाताची बोटं दंडाच्या आतून फिरवा. बायसेप्सचा फुगवटा संपतो तिथे पन्हळीसारखी खाच लागते. जरा दाबलंत तर नाडीचे ठोकेही लागतील. या खाचेत रेघ बसवली की हात खाली सोडल्यावर ती अंगाकडे वळते. समोरच्याला दिसत नाही, मागच्याला दिसत नाही.

पण हात कायम खाली कोण ठेवतं? फळीवरचा डबा काढताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहिल्यावर ती रेघ समोरच्याच्या डोळ्यांपुढे येते. लोकलमध्ये तर बसलेल्या बाईच्या अगदी नाकासमोर. शिवाय आरशात केस बांधताना रोज आपल्यालाही दिसते.

मागची जागा म्हणजे ट्रायसेप्सवर, थोडी खालच्या अंगाला. इथला व्रण तुम्हाला स्वतःला जवळपास दिसतच नाही. आरशात समोरून दिसत नाही, हात वर केला तरी फारसा नाही. पण रांगेत मागे उभा असलेला माणूस तो आरामात बघू शकतो, हात खाली सोडलेला असला तरी. मागची कातडी जाड आहे, त्यामुळे व्रणही काहीसा जाडसर राहू शकतो. टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर दंड टेकला की घासतोही.

म्हणजे ‘मला दिसू नये’ आणि ‘लोकांना दिसू नये’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पेशंट दोन्ही एका दमात मागतो, आणि सल्ल्याच्या पंधरा मिनिटांत यातली कोणती जास्त महत्त्वाची हे बहुतेकदा विचारलंच जात नाही. माझं मत विचाराल तर हा निर्णय सर्जनच्या सवयीवर सोडू नये. कोपरापर्यंत बाही घालणाऱ्या बाईला दोन्ही जागा सारख्याच. स्लीव्हलेस घालायचं म्हणूनच जिनं हा खटाटोप मांडलाय, तिला फरक पडतो. जाहिरातीतले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बघताना ‘नंतर’च्या फोटोत हात वर आहे की खाली, तेवढं जरूर बघा.

जागेचा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही, कातडीखाली काय आहे याचाही आहे. कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या अंगाला स्पर्श कळतो तो एका बारीक नसेमुळे, म्हणजे चेतातंतूमुळे. ही नस दंडात खोलवरून येते आणि कोपराच्या आतल्या हाडाच्या साधारण १४ सेंटिमीटर वर, बॅसिलिक नावाच्या शिरेच्या सोबतीनं, स्नायूंवरचा पडदा भेदून वर चरबीत शिरते. आतल्या छेदाच्या नेमकी वाटेतच. ती तुटली तर तो भाग बधिर होतो. कधी कापलेल्या टोकाशी गाठ धरते आणि तिथे नुसता धक्का लागला तरी झिणझिण्या येतात. काखेकडे लसिका, म्हणजे शरीरातला रंगहीन द्रव, नेणाऱ्या नाजूक वाहिन्याही याच भागातून जातात. त्या दुखावल्या तर हाताला सूज राहते, कातडीखाली पाणी साठतं. म्हणून जाणते सर्जन स्नायूंच्या पडद्यावर चरबीचा पातळ थर मुद्दाम ठेवतात, थेट पडद्यापर्यंत ‘स्वच्छ’ करायच्या मोहात पडत नाहीत. छेद मागे नेला की या नसेपासून थोडं अंतर मिळतं. मागच्या जागेच्या बाजूनं मला सर्वांत पटणारा मुद्दा हाच.

शिवणीचं वरचं टोक काखेत येतं, आणि तिथे निराळंच संकट. व्रण आपल्या लांबीत आकसतो. सपाट जागी ते खपून जातं. काखेसारख्या खोलगट जागेवरून सरळ रेघ नेली तर ती धनुष्याच्या दोरीसारखी ताणते आणि हात पूर्ण वर जात नाही. काख भाजलेल्या माणसात याचं टोकाचं रूप दिसतं. उपाय जुना आहे, रेघ मोडायची. काखेत ती इंग्रजी झेड अक्षरासारखी वळवतात आणि कातडीचे दोन त्रिकोण एकमेकांच्या जागी बसवतात. कोन ६० अंशांचे असले तर त्या दिशेची लांबी हिशेबानं ७५ टक्के वाढते, ३० अंशांचे असले तर २५ टक्केच. जुन्या सदऱ्यांना काखेत चौकोनी तुकडा जोडलेला असायचा, हात वर केल्यावर सदरा उसवू नये म्हणून. हिशेब तोच. वजन खूप उतरलेल्यांच्या छातीच्या कडेलाही वळ्या राहिलेल्या असतात. त्यांच्यात हीच रेघ काखेतून खाली वळवून ब्राच्या पट्ट्याकडे नेतात.

फक्त काखेत लपणाऱ्या व्रणाची छोटी शस्त्रक्रियाही असते. ढिलाई काखेजवळच असेल तर ठीक. कोपरापर्यंत लोंबणारा दंड तिनं आवळायला जाणं म्हणजे ती सुरुवातीची आडवी टीप.

टाके निघाल्यावर लोक समजतात काम झालं. प्रत्यक्षात तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ कातडीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. तीन महिन्यांत ती ८० टक्क्यांपर्यंत जाते, त्यापुढे जात नाही. मधल्या काळात शरीर घाईघाईनं विणलेलं कच्चं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, उसवून त्या जागी पक्कं विणत असतं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण सर्वांत लाल, जाड आणि खाजरा असतो. नेमक्या याच वेळी पेशंट घाबरून फोन करतात. आपल्या कातडीत ही लाली काळपट दिसते, आणि उन्हानं आणखी गडद होते. फिकी पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. सिलिकॉनची पट्टी, कागदी चिकटपट्टी, दाब देणारी बाही यांचा उपयोग होतो, पण जागा चुकली असेल तर पट्टी ती सुधारत नाही.

जागा ठरते शस्त्रक्रियेच्या आधी, पेशंट जागा असताना. दोन्ही हात आडवे, कोपरं वाकवलेली, आणि सर्जनच्या हातात जाड मार्कर. आधी तो रेघ जिथे यायला हवी तिथे ओढतो. मग कातडी चिमटीत धरून किती निघेल ते खुणावतो. वरचा छेद खाचेच्या थोडा वर आखतो, कारण खालच्या कातडीचं वजन शिवणीला खाली ओढणार हे त्याला माहीत असतं. पुढे ऑपरेशन टेबलावर, कापायच्या आधी, तो कडा स्टेपलरच्या पिनांनी तात्पुरत्या जोडून बघतो. इंग्रजीत याला ‘टेलर टॅक’ म्हणतात, म्हणजे आपला शिंप्याचा कच्चा टाका. दंड बघता बघता सुजतो, म्हणून अख्खा दंड एकदम उघडायचा नाही. एक टप्पा कापायचा, तो शिवायचा, मग पुढचा. नाहीतर शेवटी कडा एकमेकींना पोचतच नाहीत.

पण ते नंतर. मार्करची रेघ ओढून झाली की आरसा मागा, मागून बघायला दुसराही मागा. केस बांधल्यासारखं करा, कडी धरल्यासारखा हात वर न्या, मग सोडा. रेघ पटली नाही तर तसं सांगा. स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसली जाते आणि दोन बोटं मागे घेऊन पुन्हा ओढता येते.