पी-५३ : दहा वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात

पी-५३ हे प्रथिन शोधायला कुणीच निघाले नव्हते. सगळ्यांचा डोळा होता तो एका विषाणूवर. एसव्ही-४० हा माकडांचा विषाणू १९६० मध्ये सापडला, तोही पोलिओच्या लशीसाठी वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत. हॅमस्टरच्या पिल्लांना टोचला की गाठी येत. याची प्रथिने मोजकीच, त्यामुळे निरोगी पेशी कॅन्सरची कशी होते हे कळायला याहून सोपा धागा मिळणे कठीण होते. विषाणूचे ‘लार्ज टी’ नावाचे प्रथिन पेशी बिघडवते, इथवर मजल गेली होती. ते हे कसे साधते, तेवढे उरले होते.

प्रयोगाची रीत अशी. बिघडलेल्या पेशींना किरणोत्सर्गी गंधक असलेले मेथिओनिन हे अमिनो आम्ल द्यायचे, म्हणजे नव्याने बनणाऱ्या प्रथिनांवर खूण पडते. मग पेशी फोडायच्या आणि त्या रसात गाठ आलेल्या प्राण्याचे सीरम मिसळायचे. त्या प्राण्याच्या प्रतिकारशक्तीने विषाणूच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार केलेल्या असतात, त्या लार्ज टीला धरून ठेवतात. जे हाती लागेल ते जेलवर पळवायचे (तिथे प्रथिने वजनानुसार वेगळी होतात, हलकी खाली जातात) आणि वर एक्स-रे फिल्म ठेवायची. लार्ज टीची काळी पट्टी अपेक्षित जागी दिसे. पण तिच्या बरीच खाली, ५३ हजार डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) आसपास, आणखी एक पट्टी उमटे. लार्ज टीचाच तुटका तुकडा असेल, असे म्हणून तिच्याकडे काणाडोळा करणे अगदी सोपे होते.

१९७९ मध्ये ते झाले नाही. लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड यांनी दाखवले की ही पट्टी पेशीच्या स्वतःच्या प्रथिनाची आहे आणि लार्ज टी त्याला बिलगून बसते. प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिंझर आणि अर्नॉल्ड लेव्हिन यांना तेच प्रथिन विषाणूचा स्पर्शही न झालेल्या, उंदराच्या भ्रूणगाठीच्या पेशींत मिळाले. न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाची वाट तर निराळीच होती. तिथे विषाणू नव्हताच. रसायनाने झालेल्या गाठींविरुद्ध उंदरांची प्रतिकारशक्ती कशावर बोट ठेवते ते पाहताना हेच प्रथिन पुढे आले. फ्रान्समधल्या एका गटानेही त्याच वर्षी ते टिपले. नाव पडले वजनावरून, आणि ते वजनही चुकीचे. या ३९३ अमिनो आम्लांच्या साखळीचे खरे वजन ४४ हजारांच्याही किंचित खाली आहे. तिच्यात प्रोलीन जास्त असल्यामुळे ती जेलमध्ये रेंगाळते आणि भारी भासते. चूक कळली तोवर नाव रुळले होते.

वजनापेक्षा मोठी चूक स्वभावाबद्दल झाली. निरोगी पेशीत हे प्रथिन जवळजवळ दिसत नाही, गाठीच्या पेशीत मात्र भरपूर. मायकल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी १९७६ मध्ये कोंबड्यांच्या सार्कोमा विषाणूतले जनुक मुळात पेशीचेच असल्याचे दाखवल्यापासून कॅन्सर घडवणारी जनुके हुडकण्याची लाट आली होती. १९८४ मध्ये पी-५३ आणि रास (असेच एक कॅन्सर घडवणारे जनुक) ही जनुके एकत्र पेशीत घातली, पेशी बेबंद वाढल्या, आणि पी-५३ ची रवानगी ऑन्कोजीनांच्या, म्हणजे कॅन्सर घडवणाऱ्या जनुकांच्या, यादीत झाली. उलट पुरावाही होता. एचएल-६० या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींत या जनुकाचा मोठा भाग गायब असल्याचे १९८५ मध्ये छापून आले. गुन्हेगारच जागेवर नसताना गुन्हा कसा घडला, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा ताणून धरला नाही, याचे मला अजून नवल वाटते.

लेव्हिन यांच्याकडची पी-५३ ची प्रत मात्र पेशी बिघडवायला तयार होईना. इतरांच्या प्रती बिघडवत. क्रम ताडून पाहिले तेव्हा फरक निघाला एका अमिनो आम्लाचा: १३५ व्या जागी अॅलॅनीनऐवजी व्हॅलीन. बिघडवणाऱ्या प्रतींमध्ये आधीच दोष होता. निर्दोष प्रत घातली तर उलट पेशींची वाढ दबत होती. त्याच १९८९ मध्ये बाल्टिमोरला बर्ट फोगेलस्टाइन यांचा गट मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सतराव्या गुणसूत्राची आखूड भुजा वारंवार का गळते ते शोधत होता. गळणाऱ्या पट्ट्यात पी-५३ पडत होते. सुझन बेकर यांनी दोन गाठींतली उरलेली प्रत वाचली. एकीत १४३ व्या जागी चूक होती, दुसरीत १७५ व्या. एक प्रत गळलेली, दुसरी निकामी. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्यांच्या गाठींबद्दल मांडलेला दोन आघातांचा नियम (जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की गाठ येते) इथेही तंतोतंत बसला. म्हणजे पी-५३ गाठ घडवणारे नव्हे, रोखणारे.

मग गाठीत हे प्रथिन का साचते? उत्तर जनुकांच्या नियंत्रणात निघाले. पी-५३ डीएनएवर बसून इतर जनुके चालू करते. डीएनएला इजा झाली की ते वाढते आणि पी-२१ हे जनुक चालू करून पेशीचे विभाजन थांबवते. फारच नुकसान असेल तर पेशीला मरायला लावते. एमडीएम-२ हे जनुकही तेच चालू करते, आणि एमडीएम-२ चे काम पी-५३ ला नष्ट होण्यासाठी चिठ्ठी चिकटवणे. म्हणून निरोगी पेशीत ते जेमतेम वीसेक मिनिटांत निम्मे होते. बिघडलेल्या पी-५३ ला एमडीएम-२ चालू करता येत नाही, त्यामुळे त्याला हटवणारे कुणी उरत नाही. १९७९ च्या फिल्मवरच्या काही ठळक पट्ट्या या निकामी प्रथिनाच्या ढिगाच्या होत्या. एसव्ही-४० च्या पेशींत लार्ज टीने चांगल्या पी-५३ ला जखडून ठेवले होते, तेही साचतच होते.

१९९४ मध्ये निकोला पावलेटिच यांच्या गटाने डीएनएवर बसलेल्या पी-५३ ची स्फटिकरचना छापली. गाठींमध्ये सर्वाधिक बिघडणाऱ्या २४८ आणि २७३ या जागा नेमक्या डीएनएला टेकलेल्या होत्या. काही चुका तर कारणाचा पत्ताही सांगतात: बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनने होणाऱ्या यकृताच्या कॅन्सरमध्ये २४९ व्या जागी डीएनएतल्या जी या अक्षराचा टी झालेला वारंवार आढळतो.

माणसातल्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेले असते. तरी औषध लांबच राहिले, कारण जास्त काम करणाऱ्या प्रथिनाला अडवता येते, मोडलेल्याला कामाला लावणे अवघड. २००४ मध्ये एमडीएम-२ ची पकड सोडवणारे नटलिन हे रेणू आले, पण ते पी-५३ शाबूत असेल तिथेच उपयोगी. शिवाय निरोगी पेशींतलेही पी-५३ मोकळे सुटते, आणि अशी औषधे घेणाऱ्या रुग्णांचे प्लेटलेट घसरतात.