‘द लव्ह टेस्ट’ : फुटावर मोजलेल्या प्रेमपटाची पार्श्वभूमी

१९३५ सालचा ‘द लव्ह टेस्ट’ हा तासाभराचा ब्रिटिश प्रेमपट ज्या घाईतून जन्मला, तिचं मूळ १९२७ च्या चित्रपट कायद्यात आहे. तेव्हा ब्रिटनमधले पडदे हॉलिवूडने व्यापले होते. देशी चित्रपटांचा वाटा जेमतेम ५ टक्के. म्हणून सुरुवातीला वितरकांवर ७.५ आणि चित्रपटगृहांवर ५ टक्के ब्रिटिश चित्रपटांची सक्ती आली. ती १९३६ पर्यंत २० टक्क्यांवर गेली.

खरा घोळ ‘ब्रिटिश’ या शब्दाचा. कायदा विचारत होता ते एवढंच : कंपनी कुणाची, पटकथालेखक कुठला, स्टुडिओ कुठे, आणि पगारातले ७५ टक्के पैसे ब्रिटिश प्रजाजनांना गेले का. त्यात सगळं साम्राज्य धरलेलं, म्हणजे मुंबईत तयार झालेला चित्रपटही कायद्याच्या हिशेबात ब्रिटिश ठरू शकत होता. चित्रपटावर निदान किती खर्च व्हावा, हे मात्र कुठेच लिहिलं नाही. माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं. हिस्सा मोजायचा फितीच्या लांबीवर, फुटांत; तेव्हा अमेरिकी वितरकांनी फुटाला साधारण एक पौंड हा भाव धरून चित्रपट करवून घ्यायला सुरुवात केली. ६,००० फूट, ६,००० पौंड. ‘कोटा क्विकी’, म्हणजे सक्तीचा हिस्सा (कोटा) भरायला घाईत उरकलेला चित्रपट, हे हिणकस नाव पडलं ते यांनाच, आणि त्या एका नावाखाली बरं-वाईट सगळंच गाडलं गेलं.

एवढ्या पैशांत काय जमतं? मोजके सेट, बोलकी पात्रं, गैरसमज आणि शेवटी जुळलेली जोडी. ‘द लव्ह टेस्ट’मध्ये सेल्युलॉइड, म्हणजे चित्रपटाच्या फिती ज्याच्या बनत तो पदार्थ, पेट घेऊ नये म्हणून प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञांची खटपट चाललेली आहे. प्रमुखपद एका तरुणीकडे जाणार असं दिसताच पुरुष सहकारी तिला प्रेमात गुंतवायचा बेत आखतात. ज्याला पुढे करतात, त्याचाच जीव तिच्यावर जडतो. १९३५ साली बाईच्या बढतीभोवती विनोदी प्रेमकथा गुंफणं ही साधी गोष्ट नव्हे. याचा दिग्दर्शक मायकेल पॉवेल पुढे ब्रिटनमधल्या थोर दिग्दर्शकांत गणला गेला. त्याचा हात बसला तो असल्याच चित्रपटांवर.

१९३६ च्या चौकशी समितीने दर्जाची कसोटी मागितली. १९३८ च्या नव्या कायद्याने त्याऐवजी पगार-मजुरीवर किमान ७,५०० पौंड खर्चाची अट घातली आणि वितरकांच्या हिश्शातून साम्राज्यातले चित्रपट वगळले.

तोवर कोटा भरून झालेल्या कितीतरी प्रतींना कुणी वाली उरला नव्हता. २०१० साली हरवलेल्या ७५ ब्रिटिश चित्रपटांची शोधयादी निघाली, तिच्यात तिशीच्या दशकातले बरेच आहेत. फिती नायट्रेटच्या, म्हणजे त्याच सेल्युलॉइडच्या, भडकन पेटणाऱ्या. ‘द लव्ह टेस्ट’ मात्र टिकला आहे, आजही पाहता येतो.