रुतलेली गाडी आणि ताणणारा दोर

गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे. तरीही मोरजी, हरमल, हणजुणे या भागांत पर्यटकांची गाडी वाळूत रुतली, यात आता कोणाला नवल वाटत नाही. भरती चढत असते, कोणीतरी जीप घेऊन येतो आणि दोराची शोधाशोध सुरू होते. होडीचा दोर, ट्रकवर माल आवळायचा दोर, लोखंडी साखळी, जे हाताला लागेल ते. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : तुटणार नाही ना? मला वाटते, त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. हा दोर ताणतो किती?

सपाट डांबरी रस्त्यावर १२०० किलोची मोटार नुसती गडगडत ठेवायला वीसेक किलो वजनाइतका जोर पुरतो. कोरड्या, भुसभुशीत वाळूत तोच आकडा अडीचशे-तीनशे किलोवर जातो, कारण चाक सतत स्वतःपुढची वाळू दाबत, ढकलत चढत असते. चाके आसापर्यंत गेली तर गाडीच्या निम्म्या वजनाहूनही जास्त जोर लागू शकतो. ओढणारी जीपही त्याच वाळूत उभी असते. तिच्या टायरांना तेवढी पकड नसते, ती जागच्या जागी खड्डा करते. म्हणून ड्रायव्हर थोडा मागे येतो, दोर सैल सोडतो आणि धाव घेऊन हिसका देतो. इथून पुढचा सगळा खेळ ऊर्जेचा आहे.

१५०० किलोची जीप ताशी १० किलोमीटर वेगाने निघाली, तर तिच्यात सुमारे ५,८०० जूल गतिज ऊर्जा असते. रुतलेली गाडी तसूभरही हलली नाही असे धरू. ती सगळी ऊर्जा दोराला झेलावी लागते. साखळी किंवा तारेचा दोर जेमतेम १० सेंटिमीटर ताणला, तर क्षणभर पडणारा जोर पावणेबारा टनांच्या घरात जातो. त्याच जागी नायलॉनचा लांब दोर दीड मीटर ताणू दिला, तर तो जोर आठशे किलोच्या आत राहतो. जीप तीच, वेग तोच. पहिल्या प्रकारात बंपरमागची पट्टी उचकटून हातात येते. दुसऱ्यात दोर हळूहळू ताठ होतो, मग आखडत जातो आणि गाडी वाळूतून सुटून येते.

त्यामुळे वाळूसाठी नायलॉन. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ मध्ये तो पहिल्यांदा तयार केला. तुटेपर्यंत हा धागा आपल्या लांबीच्या पावपटीहून अधिक वाढू शकतो. पॉलिएस्टर त्याच्या साधारण निम्मा वाढतो. हल्ली विंचवर, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्रावर, दिसणारा डायनिमा हा कृत्रिम धागा वजनाच्या मानाने पोलादाच्या कितीतरी पट बळकट, पण तीन-चार टक्क्यांपलीकडे ताणत नाही. विंचच्या संथ, सलग ओढीला तो उत्तम, हिसक्याला नाही. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा निळा-हिरवा दोर पॉलिप्रोपिलीनचा असतो. तो पाण्यावर तरंगतो, म्हणून होडीवाल्यांना आवडतो. पण उन्हाने तो लवकर कडकडीत होतो, आणि १६० अंशांच्या आसपास वितळत असल्याने घासला की चटकन मऊ पडतो.

जुन्या माणसांना ताणाचे हे गणित आकड्यांशिवाय ठाऊक होते. बळाने कमी असूनही काथ्याचे जाड दोर जहाजे ओढायला वापरत, कारण सुंभ ताणतो आणि तरंगतोही.

आणखी एक गोष्ट उलटी वाटेल. छोट्या मोटारीला ट्रकचा मनगटाएवढा दोर लावणे म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे. तेवढ्या जोराला तो ताणतच नाही, जवळजवळ साखळीसारखा वागतो. दोराची तुटण्याची मर्यादा गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असावी, दहापट नको. साधी गाठ मारली की बळ निम्म्यापर्यंत उतरते, कारण गाठीच्या वळणात बाहेरच्या धाग्यांवरच सारा ताण येतो. पदर एकमेकांत विणून केलेला डोळा, म्हणजे दोराच्या टोकाचा फासा, बहुतेक बळ राखतो. रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, वस्तीत असा डोळा विणणारे हात अजून सापडतात.

दोर ताणणारा असला की त्यात ऊर्जा साठते, आणि धोका तिथेच असतो. काही भाग तंतूंच्या घर्षणात उष्णता होऊन जातो, उरलेला वाट पाहत असतो. टोकाचे किलोभर वजनाचे लोखंडी कडे सुटले आणि साठलेल्या ऊर्जेपैकी निम्मी जरी त्याला मिळाली, तरी ते ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडेल. हा बेचकीतला दगडच. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळणाऱ्या हुकवाल्या पिवळ्या पट्ट्यांवर माझा म्हणूनच विश्वास नाही. हूक उघडतो, आणि तो पट्टीच्या आधी तुटतो. दोर बांधायचा तो कंपनीने दिलेल्या ओढकडीलाच. ती बहुधा स्टेपनीच्या हत्यारांत असते, आणि बऱ्याच गाड्यांत तिचे आटे उलटे असतात. दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीपलीकडे पिटाळावे. गोव्यात हे शेवटचे काम सर्वांत अवघड.

खरे तर दोराला हात लावण्याआधी टायरमधली हवा पंधरा-सोळा पीएसआयपर्यंत उतरवून चाकांपुढची वाळू उपसावी. टायर लांबट पसरतो, वाळूवरचा दाब घटतो. निम्म्या वेळा गाडी तेवढ्यानेच निघते, पण हा उपाय बघणाऱ्यांना पुरेसा मर्दानी वाटत नसावा.

रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओढताना मात्र हे सगळे उलटे होते. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या उतारावर ताणणारा दोर शत्रू. मागच्या गाडीचे इंजिन बंद, म्हणजे ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी नाही, पेडल दगडासारखे. पॉवर स्टिअरिंगही गेलेले. दोर सैल पडला की मागची गाडी पुढच्यावर चढते. गुलमर्गच्या बर्फावर बंद पडलेल्या स्नोमोबाईललाही उतारावर हेच भय. म्हणून तिथे ताठ दांडा बरा, आणि ओढण्याआधी ट्रॅक, म्हणजे तिला पुढे नेणारा खालचा रबरी पट्टा, मोकळा फिरावा म्हणून त्याला इंजिनाशी जोडणारा आतला पट्टा काढून ठेवतात. आपल्याकडे घाटात दांडाही नकोच, सरळ क्रेन किंवा फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारी सपाट ट्रक, बोलवावी. सपाटीवर दोराने ओढलीच, तर दोन गाड्यांत पाच मीटरहून जास्त अंतर नको, मागे परवानाधारक चालक हवा, आणि चावी चालू स्थितीत, नाहीतर स्टिअरिंग लॉक होते.

ऑटोमॅटिक गाडी ओढताना तिची इंजिनाच्या जोराने फिरणारी चाके जमिनीवर टेकवू नयेत. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंपही बंद असतो. विजेच्या गाडीत चाक फिरले की मोटर जनित्र बनते. दोन्हींना फ्लॅटबेडच.

काम झाले की दोर गोड्या पाण्यात खळखळून धुवावा आणि सावलीत वाळवावा. आत शिरलेला वाळूचा प्रत्येक कण ताण आला की धागे कापतो. वर्षातून एकदा पदर उलगडून बघावेत. आत पांढरी भुकटी दिसली तर तो दोर केळीच्या घडाला टेकू बांधायला ठेवावा, गाडीला नाही.