चांदीच्या गाळणीसाठी कापड कोणतं?

चांदी विजेने शुद्ध करायची तर अशुद्ध चांदीचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात धनाग्र (विजेचं अधिक टोक) म्हणून टांगायचा, ऋणाग्र (उणे टोक) म्हणून स्टेनलेस स्टीलचा पत्रा लावायचा आणि वीज सोडायची. 1 अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की सुमारे 4 ग्रॅम चांदी पत्र्यावर स्फटिकांच्या रूपात जमते. तांबंही विरघळतं, पण द्रावणातच राहतं. सोनं विरघळतच नाही. धनाग्र झिजेल तसतसा त्याचा काळा गाळ सुटत जातो आणि तो स्फटिकांत मिसळला तर शुद्धीकरणाला अर्थच उरत नाही. म्हणून धनाग्र कापडी पिशवीत ठेवतात, किंवा कापड अंथरलेल्या टोपलीत आडवं ठेवतात. या रचना ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात, त्यांतली पहिली मोबियसची, दुसरी थमची.

नवशिक्याची पहिली ओढ असते जास्तीत जास्त दाट विणीच्या कापडाकडे. माझ्या मते चूक इथेच होते. चांदीचा आयन (द्रावणातला विद्युतभारित कण) इतका लहान, की 1 मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं, छिद्रसुद्धा त्याच्या 4,000 पटींहून रुंद असतं. त्यामुळे कोरं कापड त्याला अडवत नाही. अडवतो तो कापडात बसलेला गाळ. दाट वीण लवकर तुंबते, मग तेवढाच प्रवाह वाहता ठेवायला व्होल्टेज वाढवावं लागतं. शिवाय विरघळलेली चांदी पिशवीतच कोंडते. बाहेर पत्र्यापाशी चांदी कमी पडली की तिथे तांबं जमायला लागतं, आणि शुभ्र स्फटिकांवर लालसर झाक दिसते. प्रवाह तोच असताना व्होल्टेज चढत असेल, तर आधी पिशवी उघडून पाहावी.

विणीच्या आधी धागा पाहायला हवा, कारण द्रावणात थोडं नायट्रिक आम्ल असतंच. सुती कापड काही काळ तग धरतं, मग विरतं आणि नेमकं गाळाच्या वजनाने फाटतं. लोकर प्रथिनांची बनलेली, ती नायट्रिक आम्लात पिवळी पडून खराब होते. नायलॉन दिसायला दणकट असलं तरी हे आम्ल त्याच्या साखळ्या तोडतं. टेफ्लॉनवर आम्लाचा काहीच परिणाम होत नाही, पण ते पाण्याने भिजत नाही, आणि न भिजलेल्या छिद्रातून आयन जाणार कसा? उरतात पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन. सौम्य आम्लात, खोलीच्या तापमानाला दोन्ही टिकतात. मी पॉलिएस्टर निवडेन. ते द्रावणात सहज बुडतं, तर पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं असल्याने तरंगतं.

कापडावरची चिठ्ठी हरवली असेल तर ओळख घरीच पटवता येते. छोटा तुकडा पाण्यात दाबून हवेचे बुडबुडे काढा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर तो मिठाच्या संपृक्त पाण्यात टाका. या पाण्याची घनता साध्या पाण्याच्या सुमारे 1.2 पट असते. नायलॉनची 1.14, म्हणून ते तरंगतं. पॉलिएस्टरची 1.38, ते तळाला जातं. सूतही तळाला जातं, पण त्याचा कोरडा धागा जाळला तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी आणि राख दोन्ही दिसली तर कापड मिश्र आहे, ते नको. मिठाच्या पाण्यात टाकलेला तुकडा फेकून द्या. क्लोराइडचा अंशही चांदीच्या द्रावणात पांढरा साका आणतो. नव्या कापडाची खळ गरम पाण्याने काढून शेवटचं धुणं ऊर्ध्वपातित पाण्यातच करावं, ते याचसाठी.

तरीही पिशवी शिवण्याआधी एक पट्टी चार-पाच दिवस त्याच द्रावणात भिजत ठेवा आणि कोऱ्या पट्टीशी ओढून ताडून पाहा. पिशवी आकाराने ऐसपैस ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल आणि बाजूंचं कापड मोकळं राहील. तोंड द्रावणाच्या पातळीच्या वर राहू द्या, नाहीतर गाळ काठावरून ओसंडेल. पत्र्यावरचे स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात. त्यातली एखादी फांदी पिशवीत शिरून धनाग्राला टेकली की शॉर्टसर्किट होतं, म्हणून ते वेळोवेळी खरवडून काढावे लागतात.

हे सगळं हातमोजे आणि चश्मा घालून, मोकळ्या हवेत. सिल्व्हर नायट्रेटने कातडीवर काळे डाग पडतात, नायट्रिक आम्लातून तपकिरी विषारी वायू सुटू शकतो. चांदीच्या द्रावणात अमोनिया कधीही घालू नये, त्यातून हात लावताच स्फोट होणारे पदार्थ तयार होऊ शकतात. वापरलेली पिशवीही तशीच वाळू देऊ नका. कापडात मुरलेलं नायट्रेट वाळलं की ते कापड सहज पेट घेतं. पिशवी ऊर्ध्वपातित पाण्यात तीन-चारदा खंगाळा आणि ते पाणी जपून ठेवा, त्यात चांदी आहे. त्यात तांब्याची स्वच्छ तार बुडवून ठेवली की चांदी करड्या भुकटीच्या रूपात परत मिळते.