मोटरहोममधला जनरेटर तापून बंद पडतोय? आधी हवेचा रस्ता तपासा

नमस्कार मालक,

मार्च संपला की आमच्या वर्कशॉपला रोज तोच फोन. "मिस्त्री, जनरेटर बंद पडायलाय, लई गरम होतोय, इकडंच या." गाडी कधी अक्कलकोटला असते कधी तुळजापूरच्या पार्किंगमध्ये, आत माणसं घामाघूम, एसी बंद. आणि जाऊन बघावं तर बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतंय, फक्त त्याला गार हवा मिळत नसती किंवा गरम हवा बाहेर जात नसती. हे तुमचं तुम्हाला पण तपासता येतं, व्हिजिटचे पैसे वाचतात, म्हणून हे माहितीपत्रक.

पहिली गोष्ट, किती वेळानं बंद पडतोय ते घड्याळ लावून बघा, कारण अर्धं निदान तिथंच होतं. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटात बंद पडत असेल तर ते सहसा तापणं नसतंच, ऑइल कमी असतं नाहीतर ऑइल प्रेशरचा सेन्सर बंद करतो. अर्धा-पाऊण तास छान चालून मग बंद, आणि थोडं थांबलं की परत चालू, असं असेल तर हवेचा घोळ. दुसरा एसी लावला की पडतो, एकावर चालतो, तर लोडचा, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या उपकरणांच्या भाराचा विषय. पेट्रोलच्या सेटमध्ये (सेट म्हणजे जनरेटरच) अजून एक भानगड असते, उन्हात पाईपमधलं पेट्रोलच उकळून वाफ होते आणि इंजिन गचके खात खात मरतं. तापून ट्रिप होणारा सेट असे गचके देत नाही, एकदम बंद होतो. दोन्हीत लोक गल्लत करतात आणि उगाच रेडिएटर खोलून बसतात.

हवेचं काय असतं

सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, आणि मोटरहोमचा जनरेटर बहुतेक खालच्या बाजूला डब्यात बसवलेला असतो, म्हणजे तो हवा ओढतो ती डांबराला चिकटून तापलेली. तरी तेवढ्यानं चांगला सेट बंद पडत नाही. खरा त्रास तेव्हा होतो जेव्हा त्यानं बाहेर टाकलेली गरम हवा गाडीखाली घुटमळते आणि परत आतल्या जाळीतून आतच येते. डोक्यावरून चादर ओढून झोपल्यावर जसा आपलाच श्वास परत आपल्यालाच लागतो, तसंच हे. दर फेरीला हवा अजून गरम होत जाते आणि अर्ध्या तासात सेन्सर सेट बंद करतो.

तपासायला सोपंय. डब्याचं दार उघडा, सेटची स्वतःची कव्हरं मात्र जागेवर राहू द्या, आणि नेहमीच्याच लोडवर चालवून बघा. आता बंद पडत नसेल तर इंजिन बरंय, हवा कोंडतीय. पण म्हणून कायमचं दार उघडं ठेवून फिरू नका, आणि सेटची कव्हरं, पत्रे तर अजिबात काढू नका. बऱ्याच जणांना वाटतं उघडं ठेवलं की जास्त गार होईल. होतं उलटं, ते पत्रे हवेला इंजिनच्या सिलिंडरवरून न्यायला असतात, ते काढले की पंखा जवळचीच हवा ओढतो आणि मागचा भाग भाजत राहतो. सर्व्हिसिंगनंतर एखादा पत्रा लावायचाच राहिला म्हणून तापणारे सेट पण येतात.

जाळी बघा, टॉर्च लावून, बोट फिरवून. एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या लूमशेजारी गाडी उभी राहत असेल तर उडता कापूस जाळीवर थर धरतो, लांबून दिसत पण नाही. शेतात लावत असाल तर कडब्याचा भुसा. आषाढीला पंढरपुरात ६५ एकरच्या मैदानावर गाडी लावून आलात की खालचा चिखल, तो वाळला की फिन्समध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये, सिमेंटसारखा बसतो. आणि डब्याच्या आतून आवाज कमी करायला लावलेला फोम, त्याचा गोंद उन्हानं सुटतो आणि तुकडा लोंबून हवा यायची जागाच बंद करतो, हे आमच्याकडं फार येतं.

साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला मारा, नाहीतर कचरा अजून आत जातो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट रेडिएटरवर मारू नका, पातळ फिन्स आडव्या झोपतात मग हवा जाणारच नाही.

आणि जे लोक उघड्यावर वापरायचा छोटा पोर्टेबल सेट डिकीच्या पेटीत कोंबतात त्यांच्यासाठी, मालक, राग मानू नका पण तो सेट त्यासाठी बनवलेलाच नाही. कॉम्प्युटरचे दोन पंखे लावून काही होत नसतंय. बाहेर काढून, गाडीपासून लांब ठेवून वापरा.

पाण्यानं गार होणारा सेट असेल तर

गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशाच्या वर असू शकतं, झाकण सैल केलं की उसळून तोंडावर येतं. पूर्ण गार झाल्यावरच.

झाकण साधं वाटतं पण तेच बऱ्याचदा गुन्हेगार. साधारण ०.९ बारचा दाब धरणारं झाकण असेल तर नुसतं पाणी सुद्धा ११८ अंशापर्यंत उकळत नाही, रबर कडक झालं की दाब धरत नाही मग १०० लाच उकळायला लागतं. रेडिएटर बदलायच्या आधी झाकण बदलून बघा, खर्च किती कमी आहे बघा. त्यानंतर पंख्याचा पट्टा, ढिला आहे का, चकाकतोय का. मग रेडिएटरची खालची नळी, चालू असताना आत चपटी होतेय का.

बोअरचं पाणी टाकू नका. आपल्या भागातलं पाणी जड, आत क्षाराचा थर बसतो आणि तो थर गर्मी बाहेर सोडत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं, आणि दोन जातीचं कूलंट एकात एक मिसळायचं नाही, कधी कधी गाळ होतो. पाणी बदलल्यावर हवा अडकून राहते, खास करून रेडिएटर इंजिनपासून लांब बसवला असेल तर, म्हणून एकदा चालवून गार करून परत पातळी बघा. पाणी कुठंच गळत नाही तरी कमी होतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत किंवा ऑइल दुधाळ झालंय तर हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं असणार, मग मात्र चालवू नका, आम्हाला सांगा.

लोड

५ केव्हीए म्हणजे बहुतेक सेटवर ४ किलोवॅट, २३० व्होल्टला जास्तीत जास्त २१-२२ अँपिअर. दोन एसी, त्यात कुणीतरी गीझर लावला, तिकडं वहिनींनी इंडक्शनवर चहा ठेवला, झालं. गीझर आणि इंडक्शन एकेक २ किलोवॅटच्या आसपास जातात. एसी चालू असताना ते लावू नका, आणि एसी पण एकामागून एक चालू करा. महाबळेश्वरला जाणार असाल तर तिथं हवा विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला ३-४ टक्के कमी होते, महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, मग हिशोब करा. बंद करताना एसी आधी बंद करून सेट पाच मिनिटं रिकामा चालू द्या.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका

सायलेन्सरचा जोड फुटला की डबा तापतोच, पण त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत झोपलेल्या माणसाला मारतो, त्याला वास नाही रंग नाही. गाडीत अलार्म लावा, सेट लावून झोपताना धुराच्या बाजूची खिडकी बंद, आणि डोकं दुखतंय मळमळतंय असं दोघातिघांना एकदम व्हायला लागलं तर आधी सगळे बाहेर या, मग सेट बंद करा. सायलेन्सरखाली वाळलेलं गवत, पाचट पण नको.

फोन करायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो टाका, सेटची नेमप्लेट, हवा आत यायची जाळी, धूर बाहेर पडतो ती जागा. किती मिनिटांनी बंद पडतो आणि तेव्हा काय काय चालू होतं तेही लिहा, म्हणजे निघताना योग्य सामान घेऊन निघता येतं.