सेक्रेटेरियटचं हृदय आणि त्याच्या लेकी

सेक्रेटेरियट हा अमेरिकेतला शर्यतीचा गाजलेला घोडा. ‘सेक्रेटेरियटचं हृदय १० किलोचं होतं’ असं ठासून सांगणारा मजकूर सध्या पुन्हा फिरतोय. ते हृदय कुणीही वजनकाट्यावर ठेवलं नव्हतं. १९८९ मध्ये या घोड्याचं शवविच्छेदन झालं, तेव्हा डॉक्टरांना ते प्रचंड मोठं, पण निरोगी आढळलं. पुढे त्याचा प्रतिस्पर्धी शॅम मेला. त्याचं हृदय मोजलं तर ८ किलोंच्या वर भरलं. त्यावरून सेक्रेटेरियटचा आकडा अंदाजाने काढला गेला. साधारण थरोब्रेडचं (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या घोड्याचं) हृदय ४-५ किलोंचं असतं.

मोठ्या हृदयाचा उपयोग नेमका काय? भरधाव घोड्याचे ठोके मिनिटाला २२० च्या पुढे जातात. म्हणजे एका ठोक्याला पाव सेकंदाहून जरासाच जास्त वेळ, आणि तेवढ्यात हृदयाने भरायचंही आणि रिकामंही व्हायचं. ठोक्यांची कमाल मर्यादा अव्वल आणि सामान्य घोड्यांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं यात. शिवाय हे रक्तही विश्रांतीतल्या रक्तासारखं राहत नाही. घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचा मोठा साठा राखून ठेवते. अ‍ॅड्रेनलिन सुटताच ती आकुंचन पावते आणि साठा रक्तात सोडते. पेशींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असतं, ते ६० च्या वर जातं. प्राणवायू वाहून नेण्याची ताकद वाढते, पण रक्त दाटही होतं. ते ढकलायला दणकट हृदयच हवं.

१९७३ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत पाहा. सेक्रेटेरियटचे पाव-पाव मैलाचे सेकंद असे: २५.२, २४, २३.८, २३.४, २३. दमायच्या वेळी हा घोडा वेग वाढवत होता! पुढे बेलमाँटची शर्यत त्याने ३१ लेंग्थने, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकली. २ मिनिटं २४ सेकंदांचा तो विक्रम अजून मोडलेला नाही.

स्टडवर, म्हणजे पैदाशीत, मात्र तो फसला, असं म्हणतात. मला ते पटत नाही. शर्यती गाजवणारी लेडीज सीक्रेट आणि रायझन स्टार ही त्याचीच पिल्लं. खरी कमाल केली ती त्याच्या लेकींनी. वीकेंड सरप्राइजच्या पोटी ए. पी. इंडी जन्मला, टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट. दोघेही पुढे पैदाशीसाठी गाजलेले स्टॅलियन (नर घोडे). यावर एक मोहक सिद्धांत निघाला: मोठ्या हृदयाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बापाचं एक्स फक्त मुलीकडे जातं. ऐकायला चपखल, पण तसं जनुक अजून सापडलेलं नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात अंगावरचे केसांचे भोवरे आणि देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) पाहून घोडा घेणाऱ्याला आपण अंधश्रद्ध म्हणतो. मग या सिद्धांतावर डोळे मिटून पैसे लावणाऱ्यालाही तोच नियम लावायला हवा.

साधं कारण आधी तपासावं. सेक्रेटेरियटकडे निवडक, उत्तम घोड्याच पाठवल्या जात. टर्लिंग्वाची आई क्रिमझन सेंट ही स्वतःच विलक्षण वेगवान होती. तेव्हा लेकीतल्या वेगाचं सगळं श्रेय बापाच्या एका गुणसूत्राला देता येत नाही.