काशाचा आरसा, काचेचा आरसा

चीनमध्ये हान राजवटीत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, ओतलेले काही काशाचे आरसे हातात घेतले तर अगदी साधे वाटतात. पुढून झिलई, पाठीवर नक्षी आणि अक्षरे. पण आरसा उन्हात धरून त्याचा कवडसा भिंतीवर पाडला की पाठीवरची नक्षी त्या उजेडात उमटते! शांघायच्या संग्रहालयात असा एक आरसा आहे. त्याच्या पाठीवरच्या मजकुराचा अर्थ असा: सूर्याचा प्रकाश दिसला की सारे जग उजळते.

धातूतून प्रकाश आरपार जात नाही. मग नक्षी भिंतीवर येते कशी? अकराव्या शतकातला विद्वान शन ख्वो याच्या घरी असे तीन आरसे होते. ओतकामात पातळ भाग आधी निवतो, जाड भाग नंतर. आकसण्यातल्या या फरकामुळे समोरच्या बाजूवर नक्षीच्या अस्पष्ट खुणा राहत असाव्यात, असे स्पष्टीकरण त्याने नोंदवून ठेवले. खुणा समोरच्या पृष्ठभागावरच आहेत, हा त्यातला गाभा अचूक होता. पुढे १८७०च्या दशकात जपानमध्ये शिकवणाऱ्या एर्टन आणि पेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जपानी आरशांवर प्रयोग केले. आरसा तासताना पातळ भाग जास्त फुगतो आणि तिथला प्रकाश अधिक फाकतो. नक्षीमुळे जाड असलेला भाग कमी फुगतो, म्हणून भिंतीवर तो उजळ दिसतो. हा उंचसखलपणा जेमतेम काही शे नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. चेहरा पाहताना तो जाणवत नाही, पण दूरच्या भिंतीवर त्याचा परिणाम दिसतो. ब्रिस्टलचे भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी २००६ मध्ये याचे गणित मांडले.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की प्राचीन चिनी मनात आरशाला जो अर्थ होता, तो मला या धातूच्या वस्तूतूनच आलेला वाटतो. हान काळातल्या चांगल्या आरशात साधारण चौथा हिस्सा कथील असे. त्यामुळे कासे चांदीसारखे पांढरे, कडक आणि ठिसूळ होई. त्याच्या पाठीवर विश्वाचा नकाशा काढत: चौकोनी पृथ्वी, गोल आकाश, चार दिशांचे प्राणी. अशी वस्तू उजेडाचा साठा वाटली आणि लोकांनी ती थडग्यातही ठेवली, यात नवल नाही. चौथ्या शतकातला ताओपंथी ग्रंथकार क हुंग लिहितो की डोंगरात जाणाऱ्या साधकाने पाठीवर मोठा आरसा बांधावा. माणसाचे रूप घेऊन आलेल्या भुताखेतांचे खरे रूप त्यात उघडे पडते. म्हणजे हा आरसा दुसऱ्याला पारखणारा.

राजकारणातही आरसा सत्य दाखवणाराच. ६४३ मध्ये स्पष्टवक्ता मंत्री वेई चंग वारला तेव्हा थांग सम्राट ताईत्सुंग म्हणाला की काशाच्या आरशात कपडे नीट करता येतात, इतिहासाच्या आरशात राज्यांचा उदय आणि ऱ्हास समजतो, माणसाच्या आरशात आपल्या चुका कळतात; आज माझा एक आरसा गेला.

युरोपातही आरसा बराच काळ ज्ञानाचा होता. इटलीतल्या पदुआच्या चॅपेलमध्ये १३०५च्या सुमारास चित्रकार जोत्तोने रंगवलेल्या विवेकदेवतेच्या हाती आरसाच आहे. पण त्याच युरोपात तो गर्वाचेही चिन्ह झाला: स्वतःला न्याहाळणारी सुंदर स्त्री, आणि शेजारी मृत्यूची आठवण. काचेमुळे हा दुसरा अर्थ बळावला. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर काचेमागे कथील आणि पाऱ्याचा थर देऊन स्वच्छ, सपाट आरसे करू लागले. पाऱ्याच्या वाफांनी त्यांची शरीरे पोखरली. १६८४ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात ३५७ आरशांचे दालन पूर्ण झाले. १८३५ मध्ये जर्मन रसायनज्ञ लीबिगने काचेवर चांदीचा थर चढवण्याची रासायनिक रीत शोधली, आणि पुढे आरसा सामान्य घरांत पोहोचला. पाश्चात्त्य विचारात तो 'मी'शी इतका जोडला गेला की १९७० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलपने चिंपांझीला स्वतःची ओळख आहे का, हे आरशानेच तपासले.

दोन्ही आरसे एकत्र भेटतात ते साओ श्वेछिनच्या 'लाल महालातले स्वप्न' या अठराव्या शतकातल्या चिनी कादंबरीत. तिथे एका कामांध तरुणाला ताओपंथी साधू दुतोंडी आरसा देतो. उलट बाजूने सांगाडा दिसतो, सुलट बाजूने त्याला हवी असलेली स्त्री. उलट बाजूच पाहा, असे साधू बजावतो. तरुण ऐकत नाही आणि मरतो. तो जुना, सत्य दाखवणारा चिनी आरसा. याच कादंबरीत खेडवळ लिऊ आजी श्रीमंतांच्या खोलीत शिरते. समोर काचेचा मोठा आरसा असतो आणि त्यातल्या म्हातारीला ती आपली विहीणच समजून बोलू लागते. इथे आरशात भूत नाही, उपदेश नाही, फक्त एक माणूस आहे.

तरी चीनमध्ये काचेने जुना अर्थ पुसला नाही. आजही अनेक चिनी घरांच्या दारावर अष्टकोनी लाकडी चौकटीतला छोटा आरसा रस्त्याकडे तोंड करून टांगलेला असतो. भोवती तुटक आणि सलग रेषांची आठ चिन्हे असतात, आणि येणारे अनिष्ट परतवणे एवढेच त्याचे काम. मधला तुकडा मात्र आता बहुधा काचेचा असतो.